हिरकणीचा बुरूज आणि बंद दरवाजा : युद्धानंतरच्या काळातलं बाईचं जगणं, महाड-पोलादपुरात आणि जपानात



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की महाड-पोलादपूरच्या बायका आणि जपानच्या बायका यांचा एकमेकींशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. पण जपानकडे जायच्या आधी आपण आपल्याच तालुक्यातून सुरुवात करू. रायगडावरून.

हिरकणीची गोष्ट इथे कुणाला सांगायला नको. गडावर दूध विकायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं मूल. पहारेकरी दरवाजा उघडेना. मग ती कडा उतरून गेली. महाराजांना कळलं, त्यांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. ही आख्यायिका आहे, इतिहासाचा कागद नव्हे. पण समाज कुठली गोष्ट जपून ठेवतो, हाही इतिहासच असतो. गडाच्या पायथ्याला आजही हिरकणीवाडी आहे, आणि एस.टी.च्या स्थानकांत बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते तिला हिरकणी कक्ष म्हणतात.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे गोष्टीत जे सांगितलेलं नाही तिकडे लक्ष जातं. या गोष्टीत तीन प्रश्न कुणी विचारत नाही. बाई गडावर असताना मूल कुणाकडे होतं? तान्हं मूल घरी ठेवून तिला डोक्यावर दूध घेऊन गड का चढावा लागला? आणि तिसरा, सगळ्यात साधा: एका आईसाठी दरवाजा का उघडता आला नाही? आपण बुरूज बांधला. तिच्या धाडसाचं कौतुक केलं. दरवाजाचा नियम मात्र होता तसाच राहिला.

आज आपण १९४५ नंतरची साधारण तीस-पस्तीस वर्षं बघणार आहोत. या काळात महाड-पोलादपूरच्या बाईसाठी बुरूज किती बांधले गेले आणि दरवाजे किती उघडले, एवढाच प्रश्न घेऊन.

आता जपान कशासाठी? एक कारण असं, की जपानचा आणि कोकणातल्या स्त्रीशिक्षणाचा धागा जुना आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. त्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. ते विद्यापीठ १९०१ साली सुरू झालेलं. त्यातून त्यांना कल्पना मिळाली आणि १९१६ मध्ये आपल्याकडचं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे आपल्या मुलींच्या उच्च शिक्षणाचा नमुनाच जपानमधून आला. नमुन्याबरोबर त्यातला विचारही आला. जपानात तेव्हा स्त्रीशिक्षणाचं ध्येय चार शब्दांत सांगत: चांगली पत्नी, शहाणी आई. मुलीला शिकवायचं ते ती स्वतःसाठी शिकावी म्हणून नव्हे, तर घर आणि पुढची पिढी नीट घडावी म्हणून. हे वाक्य कुणी मराठी सुधारकाने लिहिलं असतं, तरी आपल्याला परकं वाटलं नसतं.

दुसरं कारण असं, की दोन्ही ठिकाणी १९४५ नंतर सगळंच नव्याने मांडलं गेलं. जपान युद्ध हरला होता, शहरं जळून गेली होती. आपण स्वतंत्र होत होतो. दोन्हीकडे नवं संविधान आलं, जमिनीचे नवे कायदे आले, आणि दोन्हीकडे पुरुष पोटासाठी गाव सोडून शहरात जात होते. मागे कोण राहिलं, तिथून आपली गोष्ट सुरू होते.

महाड-पोलादपूरचा पुरुषांचा इतिहास आपल्याला पाठ आहे. डोंगरउतारावरची जमीन, तीही अनेकांची स्वतःची नाही. पावसाचं एकच पीक, भात, आणि वरकस जमिनीत नाचणी-वरी. त्यावर घर वर्षभर चालत नाही. म्हणून घरातला एक तरी पुरुष मुंबईला. परळ, लालबाग, वरळी. गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणाच्या तरी हाताखाली. राहायला गावकीची खोली, जेवायला खानावळ. गावी यायचं शिमग्याला आणि गणपतीला. एस.टी. १९४८ मध्ये सुरू झाली. त्याआधीचा मोठा प्रवास बोटीचा, आणि कोकण किनाऱ्यावरच्या बोटी पावसाळ्यात बंद. म्हणजे शेतीला माणूस सगळ्यात जास्त लागायचा, नेमकं तेव्हाच मुंबईचा रस्ता अवघड व्हायचा.

अभ्यासक याला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यात एक गफलत आहे. त्याने असं वाटतं, की मुंबईहून पैसे येत होते आणि गावाकडची माणसं बसून खात होती. खरं गणित उलटं मांडून बघा. गिरणीतला पगार एका माणसाला खोलीचं भाडं, खानावळ आणि वर थोडी शिल्लक, एवढा पुरत होता. बायको, दोन-तीन मुलं, म्हातारे आईवडील यांचं मुंबईत भागण्याएवढा तो नव्हता. तो कमी पगार चालून गेला, कारण गावात एक बाई भात पिकवत होती, म्हाताऱ्यांचं करत होती आणि उद्याचा कामगार वाढवत होती. गिरणीचा कापड विकून झालेला नफा आपण मोजतो. त्यात पोलादपूरच्या बाईचं बिनपगारी काम किती होतं, ते कुणी मोजलं नाही.

याची खूण जनगणनेत दिसते. देशात बहुतेक ठिकाणी बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कमी, कोकणात मात्र उलटं. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्येसुद्धा दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. बाहेरच्या माणसाला वाटेल, वा, काय पुरोगामी मुलूख! तो आकडा जन्मलेल्या मुलींचा नाही, गावातून गेलेल्या पुरुषांचा आहे.

मग बायका मुंबईला का गेल्या नाहीत? काही जात होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत गिरणीत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. आणि त्यांच्या मुलांचं काय व्हायचं, ते तेव्हाच्या पाहण्यांत नोंदलेलं आहे. आई पाळीवर गेली की मूल झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. आज ऐकून अंगावर काटा येतो, पण त्या आईला दोष देऊ नका. दहा तास मूल कुणाच्या हाती द्यायचं, या प्रश्नाला समाजाकडे तेवढंच उत्तर होतं. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याची बाजू घेतली होती. पण पुढे गिरण्यांनी बायकांची संख्याच कमी करत नेली, आणि विशेषतः युद्धानंतर गिरणी ही पुरुषांची जागा झाली. बाईसाठी गाव उरलं.

गावात तिचं वर्ष कसं जायचं? होळीच्या आधी-नंतर कवळ तोडायची, शेण-पातेरा पसरायचा, राब भाजायचे. मिरगाला पेरणी. मग चिखलात कमरेत वाकून लावणी, अंगावर इरलं. बेणणी, कापणी, झोडणी. यातलं एक काम तिला करायची मुभा नव्हती. नांगराला बाईने हात लावायचा नाही. मग दिराची मनधरणी करा, नाहीतर सावडीने कुणाचा तरी नांगर मिळवा आणि त्याच्या बदल्यात त्याच्या शेतात चार दिवस लावणी करा. घरी पहाटे जातं, मग उखळ, मग डोंगरातल्या झऱ्यावरून पाणी. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिल-मे महिन्यात कळशीभर पाण्यासाठी रात्री झऱ्याशी बसावं लागत होतं.

आणि मूल? मूल बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. झोळी हलवायला पाच-सात वर्षांची मोठी बहीण. ही मोठी बहीण नीट लक्षात ठेवा. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव असेल किंवा नसेल, पण लावणीच्या महिन्यात ती शाळेत नसायची. आपल्याकडे मुलं वाढवली ती आईने, असं आपण म्हणतो. त्यातली निम्मी मुलं त्यांच्या बहिणींनी वाढवली, आणि त्या बदल्यात स्वतःचं शिक्षण दिलं. कातकरी वाडीतली बाई तर मुलांना घेऊनच कोळशाच्या भट्टीवर जायची. तिथे बहिणीलाही बालपण नव्हतं.

बाळंतपण घरी, माजघरात, सुईणीच्या हातून. पाचवीची पूजा, सटवी येऊन कपाळावर लिहिते ती रात्र. यात अंधश्रद्धा आहे, पण एक पाहणीही आहे. नाळ कापताना स्वच्छता नसेल तर होणारा धनुर्वात बाळाला पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच गाठतो. गावाला माहीत होतं की या रात्री धोक्याच्या आहेत. विळा उकळून घ्यायचा, हे सांगणारं मात्र कुणी आलेलं नव्हतं.

इथे एक आठवण सांगतो. १९६० च्या आसपासची असेल, आम्ही चौथीत होतो. शेजारच्या काकींचे यजमान परळला गिरणीत. काकींना लिहिता येत नव्हतं, म्हणून दर महिन्याला पोस्टकार्ड लिहायला आम्ही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पत्र त्यांच्या मुलाच्या नावाने सुरू व्हायचं: तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. त्या श्रावणात त्यांची धाकटी मुलगी जुलाबाने गेली. चार-पाच दिवसांनी काकींनी आम्हाला बोलावलं आणि म्हणाल्या, लिही, इकडे सगळी खुशाल आहेत. आम्ही नुसते बघत राहिलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, लिही तू. आता कळवलं तर ते धावत येतील, खाडे पडतील, मग गणपतीला रजा नाही मिळायची. आल्यावर मीच सांगेन." आम्ही लिहिलं. गणपतीला काका आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत धाकटीसाठी फ्रॉक होता.

ही गोष्ट रडवायला सांगितलेली नाही. ते पोस्टकार्ड समजा उद्या एखाद्या संशोधकाला सापडलं, तर तो काय वाचेल? सगळी खुशाल आहेत. बायकांचा इतिहास लिहिताना हीच अडचण आहे. कागदावर त्यांचं जे काही आहे, ते दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्याच्या नावाने आणि बहुतेक वेळा खुशालीचंच आहे. म्हणून ओव्यांना मोल आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मावळाच्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. जे पत्रात लिहिता येत नव्हतं ते बाई जात्याला सांगत होती.

आता जपानकडे जाऊ.

एप्रिल १९४६ मध्ये जपानी बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं आणि त्याच निवडणुकीत ३९ बायका निवडून आल्या. मे १९४७ मध्ये नवं संविधान लागू झालं. त्यातलं २४ वं कलम म्हणतं, की लग्न दोघांच्या संमतीवर आणि समान हक्कांवर उभं असेल. या कलमाचा मसुदा बिआते सिरोता नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीने तयार केला होता. ती अमेरिकी कचेरीत कामाला होती, पण लहानपण जपानात गेलेलं, आणि तिथल्या बायकांचे हाल तिने डोळ्यांनी पाहिलेले. पाठोपाठ नागरी कायदा बदलला, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाची सगळ्या घरावरची कायदेशीर सत्ता संपली.

कायद्याने जगणं लगेच बदलत नाही. पोलादपूरशी तुलना करायची तर टोकियोशी नको, उत्तर जपानमधल्या तोहोकू भागाशी करा. डोंगर, बर्फ, भाताचं एकच पीक. १९५५-६० नंतर तिथले पुरुष हंगाम संपला की बांधकामावर, कारखान्यांत मजुरीला जाऊ लागले. याला त्यांच्याकडे देकासेगी म्हणतात. मागे शेती कुणी केली? त्याला त्यांनी एक थट्टेचं नाव दिलं, सानचान नोग्यो. तीन 'चान'ची शेती: आजोबा, आजी आणि आई. हे ऐकल्यावर आम्हाला हसूच आलं, कारण ही तर आपल्याच वाडीची शिरगणती झाली. सासरा, सासू आणि सून.

मग फरक कुठे पडला? जपानी आई आपल्या आईपेक्षा जास्त प्रेमळ होती, असं कुणी म्हणणार नाही. फरक तिच्या भोवती काय उभं केलं गेलं, त्यात आहे. चार वस्तू सांगतो. मुद्दाम वस्तू म्हणतो, मोठे शब्द नकोत.

पहिली, सुईणीची पिशवी. जपानने १८९९ सालीच सुईणींसाठी परीक्षा आणि नोंदणीचा नियम केला होता. १९५० मध्येही तिथली बहुतेक बाळंतपणं घरीच होत होती, आपल्यासारखीच. पण येणारी सुईण शिकलेली होती.

दुसरी, एक वही. गरोदर बाईला सरकारकडून एक छोटी वही मिळायची. तपासण्या, बाळंतपण, बाळाचं वजन, लसी, सगळं तिच्यात नोंदायचं, आणि वही आईकडेच राहायची. १९४२ मध्ये ती गरोदर बाईपुरती सुरू झाली आणि १९४८ मध्ये आई आणि मूल दोघांची झाली. हिला बोशी तेच्यो म्हणतात. यात विचार करण्यासारखं हे, की १९४२ मध्ये सरकारचा हेतू काही फार उदात्त नव्हता. युद्धाला माणसं हवी होती. पण वही एकदा आईच्या हातात गेली, ती तिचीच झाली.

तिसरी, चूल. युद्धानंतर जपानच्या शेती खात्याने गावोगावी बायका कार्यकर्त्या पाठवल्या. त्या आधी शेताकडे नाही, स्वयंपाकघराकडे गेल्या. धूर बाहेर जाईल अशी उंच चूल बांधून दिली, जी उभ्याने पेटवता येईल. चुलीचा प्रश्न हा राष्ट्राचा प्रश्न आहे, असं एखाद्या सरकारला वाटावं, याचंच आम्हाला नवल वाटतं.

चौथी, लावणीच्या दिवसांतलं पाळणाघर. देवळात नाहीतर शाळेत, हंगामापुरतं. आई चिखलात असताना मूल कुणाकडे, या हिरकणीच्या प्रश्नाला सार्वजनिक उत्तर. मोठ्या बहिणीला शाळेत बसता आलं ते यामुळे.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९४७ मध्ये जपानात दर हजार जन्मांमागे सुमारे ७७ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९६० पर्यंत हा आकडा ३१ वर आला आणि १९७५ मध्ये १० वर. भारतात १९५१ च्या सुमारास तो १४६ धरला जातो आणि १९८१ मध्येही ११० होता. काकींची धाकटी या आकड्यांत कुठेतरी आहे.

यावर कुणी म्हणेल, जपानला पैसा मिळाला, अमेरिकेची मदत मिळाली, देश छोटा. हे सगळं खरं आहे. शिवाय ते आपल्या आधी दोन पिढ्या साक्षर झाले होते. पण सुईणीची पिशवी, वही, चूल आणि पाळणाघर या काही श्रीमंतीच्या वस्तू नाहीत. १९४८ चा जपान उपाशी होता.

आणि आपल्याकडे कुणाला सुचलं नव्हतं, असंही नाही. हा भाग आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. मुलं गुरांमागे कुरणात असतील तर शाळा कुरणात. हंगामी पाळणाघराच्या तोडीची, किंबहुना त्याहून पुढची कल्पना, आणि तीही आपल्याच कोकणपट्टीत जन्मलेली. पण ती सरकारी योजना म्हणून देशभर सुरू व्हायला १९७५ साल उजाडलं. तीस वर्षं. तीस वर्षांत एक मुलगी जन्मते, झोळी हलवते, शाळा सोडते, लग्न होतं आणि स्वतः आई होते.

कायद्यांचंही तसंच. हिंदू कोड बिल रखडलं, या आणि इतर कारणांनी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढे १९५५-५६ मध्ये कायदे तुकड्या-तुकड्यांनी आले. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला, विधवेला हिस्सा दिला, पण कूळकायद्याखालच्या जमिनीचा वारसा त्यातून वगळला गेला. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला मुंबई राज्यात कसेल त्याची जमीन झाली. आमच्यासारख्या व्याकरणाची सवय असलेल्या माणसाला ते वाक्य खटकतं. कसेल 'त्याची'. प्रत्यक्षात कसणारी बांधावर उभी होती, आणि सातबाऱ्यावर नाव चढलं ते मुंबईच्या खोलीत राहणाऱ्याचं. जपानमध्येही जमीन सुधारणेत जमीन कर्त्या पुरुषाच्याच नावावर गेली. इथे दोघे सारखेच.

पण महाडमध्ये बसून आपल्याला असं म्हणता येणार नाही, की दरवाजा कधी उघडलाच नाही. डिसेंबर १९२७ मध्ये याच गावात, मनुस्मृतीचं दहन झालं त्या परिषदेच्या वेळी, बाबासाहेब दलित बायकांशी वेगळं बोलले. अस्पृश्यतेची खूण ठरेल अशा रीतीने नेसू नका, ठिगळाचं का असेना पण स्वच्छ नेसा, दारू पिऊन येणाऱ्याला जेवू घालू नका, आणि मुलींना शाळेत पाठवा, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बायकांनी नेसण्याची पद्धत बदललेली होती. या भाषणाचा सूर बघा. तुम्ही थोर माता आहात, त्याग करा, असं त्यात नाही. तुम्हाला शिक्षणाचा हक्क आहे, घरात नाही म्हणायचा हक्क आहे, असं आहे. आमच्या समजुतीप्रमाणे, मातृत्वाचा गौरव न करता आईला बळ देणारं बोलणं आपल्या मुलखात असं क्वचितच झालं.

एरवी आपला सूर दुसरा आहे. 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे आपले शेजारी. पुस्तक १९३५ चं, आणि त्यावरचा अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. नेमका आपण बोलतोय त्या काळातला. आम्ही ते पुस्तक वाचून रडलेलो आहोत आणि गुरुजींविषयी आम्हाला आदरच आहे. पण महाराष्ट्राने ते कसं वाचलं? आई किती थोर होती, असं वाचलं. त्या आईला औषध मिळालं असतं, कर्जाचा तगादा नसता, तर ती जगली असती, असं फारसं कुणी वाचलं नाही.

जपान म्हणजे स्वर्ग, असं समजू नका. १९६० नंतर तिथे पगारदार नवरा आणि घरी बसलेली बायको हा नमुना ठरून गेला. छोट्या फ्लॅटमध्ये एकटी आई, एक-दोन मुलं, आणि त्यांच्या परीक्षांचं सगळं ओझं तिच्यावर. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईने घरीच राहिलं पाहिजे, नाहीतर मूल बिघडतं, हे तर शास्त्र म्हणून सांगितलं गेलं. १९९८ मध्ये त्यांच्याच आरोग्य खात्याच्या श्वेतपत्रिकेला लिहावं लागलं, की याला तर्कशुद्ध आधार नाही. आणि १९४८ च्या त्यांच्या एका कायद्याखाली हजारो लोकांची संमतीशिवाय नसबंदी झाली. तो संविधानविरोधी होता, असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. म्हणजे तिथेही बुरूज बांधले गेलेच.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून दोन शब्द बोलतो. सारा रडिक नावाच्या अमेरिकन विचारवंत बाईंनी १९८९ मध्ये मांडलं, की आईपण ही नुसती भावना नाही, ते काम आहे, आणि त्या कामात विचार असतो. मूल जगवायचं, वाढवायचं आणि समाजात उभं राहील असं घडवायचं. तीन मागण्या, आणि त्या एकमेकींशी भांडतात. काकींनी त्या पोस्टकार्डापाशी हेच केलं होतं. गेलेल्या मुलीचं दुःख आणि उरलेल्या मुलांचं पोट यांचा त्या हिशोब करत होत्या. त्याला त्याग म्हटलं की आपण सुटतो. निर्णय म्हटलं की प्रश्न येतो, की असा निर्णय घ्यायची वेळ त्यांच्यावर कुणी आणली?

स्तुतीची गंमत अशी, की ती देणाऱ्याला काही खर्च येत नाही. हक्काला खर्च येतो. म्हणून समाज स्तुती सढळ हाताने देतो. आम्ही स्तुतीच्या विरोधात नाही. पण स्तुती हक्काच्या जागी येऊन बसली, की तिच्याकडे संशयाने बघावं.

पुढचं थोडक्यात. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि अनेकांसाठी गिरणी पुन्हा उघडलीच नाही. पुरुष गावी परतले. त्यांची झालेली वाताहत नाटकं-सिनेमांत आली, यायलाच हवी होती. पण मनीऑर्डर बंद झाली तरी घरात चूल पेटत राहिली, ती कुणी पेटवली, हे फारसं आलं नाही. आज त्या बायका पंच्याऐंशी-नव्वदीच्या आहेत. मुलं मुंबई-पुण्याला, नातवंडं सुट्टीत येणारी. घराला कुलूप लागू नये म्हणून त्या अजून गावात आहेत. एक दरवाजा मात्र आपल्या डोळ्यांदेखत किलकिला झाला: मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं, असा निर्णय महाराष्ट्राने २०२४ मध्ये घेतला. जिने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नाही, आणि जिचं स्वतःचं नाव कुठल्या कागदावर आलं नाही, तिच्या पणतूच्या नावात आता आई दिसेल.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरी किंवा वाडीत त्या पिढीतली आजी असेल, तर या आठवड्यात तिच्यापाशी बसा. तुम्ही किती कष्ट केलेत हो, असं म्हणू नका. त्यावर ती हसून विषय बदलेल. साधं विचारा. लावणीला जाताना मूल कुणाकडे ठेवायचात? सुईण कोण होती? नांगर कुणाचा आणायचात? पत्र कोण लिहायचं, आणि पत्रात काय लिहायचं नाही, असं ठरलेलं होतं? मोबाइलवर उतरवून घ्या, तिचं नाव, गाव, तारीख घाला. काकींना हे विचारायचं आमच्याकडून राहून गेलं. तुम्हाला अजून वेळ आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.